वर म्हणजे कुठं?

पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देतो. त्यातलं डंकर म्हणजे हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं निघायचं, याचा पिंजऱ्यात बसवून करून घेतलेला सराव:

"सर, मी २४ वर्षांचा, मूळचा माण तालुक्यातला. नौदलात आहे, हेलिकॉप्टरवर एअरक्रू म्हणून निवड झाली आहे. गेल्या महिन्यात डंकर झालं. पहिल्या रनला पिंजरा सरळ बुडवला, निघालो. दुसऱ्याला उलटा केला, कसाबसा निघालो. तिसऱ्याला डोळ्यांवर काळा गॉगल होता. उलटा झाल्याबरोबर मी बकल सोडलं आणि पुढचं नीट आठवत नाही. खिडकी सापडेना. सेफ्टी डायव्हरनं ओढून बाहेर काढलं. परत बसायला सांगितलं तर पाय उचलेनात. आता तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. मी सहाव्या वर्षी गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. बॅचमध्ये पोहण्यात पहिला-दुसरा असतो. ज्यांना धड पोहता येत नाही ते सगळे रन करून बाहेर आले आणि मीच अडकलो. कोर्समेट हसत नाहीत, गप्प बसतात, ते जास्त लागतं. मी नववीत असताना माझा आत्तेभाऊ त्याच विहिरीत गेला. मी काठावर होतो. हे मेडिकलला मी कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आता सांगितलं तर फ्लाइंग जाईल का? आईला वाटतं मी जहाजावर स्टोअरमध्ये असतो. मी भित्रा आहे का सर? अरे-तुरे केलंत तरी चालेल."

तर मग अरे-तुरेच करतो.

तुला भित्रा म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण मग तोच शिक्का आधी माझ्या कपाळी मारावा लागेल. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवलंय: "उलटा झाल्याबरोबर मी बकल सोडलं." सगळं इथंच आहे. तू घाबरलास ते त्यानंतर. आधी झाली ती चूक, आणि ती तुझ्या भित्रेपणानं केलेली नाही. तुझ्या पोहण्यानं केली.

विहिरीत आपण काय शिकतो ते आठव. पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधतात, कमरेला दोर, आणि काका-मामांपैकी कुणीतरी वरून ढकलून देतो. एका उन्हाळ्यात भोपळा सुटतो. मग पोरांच्या पैजा लागतात, मुटका मारून तळ गाठायचा आणि पुरावा म्हणून चिखलाची मूठ घेऊन यायचं. तळाला पाय लागले की दोन्ही पायांनी रेटा द्यायचा आणि अंग मोकळं सोडायचं. डोक्यावर हिरव्या पाण्याचा गोल उजळत जातो, तिकडं जायचं. विहिरीत वर म्हणजे वरच. ती दिशा कधी जागा बदलत नाही. हे तुझ्या अंगात सहाव्या वर्षापासून मुरलंय, तुला त्याचा विचारही करावा लागत नाही.

आता डंकर. तू त्यात बसून आलायस, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा एक पिंजरा असतो, आत सीटा, पट्टे, खिडक्या. क्रेननं तो तलावावर टांगतात, माणसं आत बांधून बसवतात आणि पाण्यात सोडतात. पाणी आधी बुटात येतं, मग गुडघ्याला, मग मांडीवर. छातीशी आलं की शेवटचा श्वास घ्यायचा, आणि डोकं बुडतंय न बुडतंय तोच पिंजरा कुशीवर वळतो आणि उलटा होतो. आता डोकं खाली, पाय वर. नाकातून निघालेले बुडबुडे कपाळाकडे जात नाहीत, ओठांवरून हनुवटीकडे सरकतात. पहिल्यांदा ते जाणवलं की मेंदू बावचळतोच. आपल्याकडे नौदलाची ही सोय कोचीत, आयएनएस गरुडवर आहे. लाटा, काळोख, खराब हवा सगळं तिथं तलावातच उभं करता येतं. २०२३ च्या फेब्रुवारीत गगनयानच्या क्रू मॉड्यूलची प्रतिकृती पाण्यातून बाहेर काढण्याच्या इस्रोच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या त्या याच तलावात.

उलट्या पिंजऱ्यात पट्टा सोडलास की काय होतं? अंग विहिरीतलं करतं. मोकळं होतं आणि वर जातं. पण या वेळी वर आहे केबिनची जमीन. जिथं बूट होते तिथं तुझं डोकं जातं, सीटांच्या पायांमध्ये. तू हातांनी खिडकी शोधतोस आणि हाताला लागतो नुसता पत्रा. काळा गॉगल असल्यामुळं तो उजळणारा गोलही नाही. ज्याला पोहता येत नाही तो काय करतो? तो खिडकीची चौकट जीव मुठीत धरावा तशी धरून बसतो. घाबरून धरतो, पण धरतो. आणि शिकवलेलं नेमकं तेवढंच असतं. म्हणून ते निघाले आणि तू राहिलास.

माझंही हेच झालं होतं. मी हेलिकॉप्टरच्या मागच्या सीटवर आयुष्याची बरीच वर्षं काढली, पण डंकरमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. तोपर्यंत समुद्रावरून इतके तास उडून झाले होते की मला शिकवायचं काय राहिलंय, असा तोरा होता. जन्म खाडीकाठचा, भरतीच्या पाण्यात वाढलेलो. दुसऱ्याच रनला बकल आधी सोडलं. दोन्ही हातांनी जोर लावून मी काहीतरी ढकलत होतो, मला वाटत होतं दार आहे. ती जमीन होती. डोळ्यांसमोर काय होतं सांगू? पुढच्या सीटवरच्या माणसाच्या बुटाचा तळवा, आणि त्यावर रबरात उठलेला ९ हा आकडा. तो आकडा मला उलटा दिसला की सुलटा, यावर मी पाण्याखाली खरोखर विचार करत होतो. मग मागून कुणीतरी कॉलर धरली. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर एवढंच म्हणाला, "आपको किसने बोला बेल्ट खोलने को?" ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी पट्ट्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर मला तो अडकवून ठेवणारा वाटायचा. बुडताना कुणालाही वाटणारच. पण पिंजरा सरळ असताना खिडकी तुझ्या उजव्या कोपराशी असेल, तर उलटा झाल्यावरही ती उजव्या कोपराशीच असते. वरचं खाली होतं, उजव्याचं डावं होत नाही. फक्त एका अटीवर: तू सीटला बांधलेला असलास तर. पट्टा सुटला की तू चाळणीतला खडा झालास, मग उजवं कुठलं आणि डावं कुठलं? म्हणून क्रम ठरलेला आहे. पाणी चढत असतानाच एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा बकलवर. उलटं होणं पूर्ण थांबेपर्यंत काहीही करायचं नाही. मग खिडकी ढकलायची, हात कोपरापर्यंत बाहेर काढून चौकटीला बाहेरून विळखा घालायचा, आणि मगच बकल. आत पोहायचं नाही, पाय तर अजिबात झाडायचे नाहीत, मागच्याच्या तोंडावर बसतात. त्या हातानं स्वतःला ओढून घ्यायचं. मे वेस्ट, म्हणजे अंगातलं लाइफ जॅकेट, फुगवायचं ते बाहेर पडल्यावर.

हे शेवटचं कुणी हसण्यावारी नेऊ नये. १९९६ च्या नोव्हेंबरात इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. विमानातल्या १७५ पैकी १२५ माणसं गेली. त्यातल्या कित्येकांनी आतच जॅकेट फुगवलं होतं, आणि पाणी चढत गेलं तशी ती छताला चिकटून राहिली. हेलिकॉप्टर उलटं झालं तर तीच माणसं जमिनीला चिकटतील, एवढाच फरक.

तू कदाचित म्हणशील, प्रत्येक हेलिकॉप्टर उलटंच होतं असं थोडंच आहे. नाही होत. पण इंजिनं, गिअरबॉक्स, रोटर, सगळं वजन डोक्यावर असतं, आणि समुद्र खवळलेला असला की ते कलंडायला निमित्तच शोधत असतं. फ्लोट, म्हणजे हेलिकॉप्टरला तरंगत ठेवणारे फुगे, फुगले तर वेळ मिळतो. ८ मार्च २०२३ ला मुंबईच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नौदलाचं एएलएच हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं, तिघंही सुखरूप निघाले. त्याच्या आदल्या वर्षी, २८ जून २०२२ ला मुंबई हायमध्ये सागर किरण रिगजवळ ओएनजीसीच्या कामावरचं हेलिकॉप्टर पाण्यात गेलं, ९ पैकी ४ जण गेले. आणि परदेशातला एक अपघात, ९ डिसेंबर १९९९ चा. अमेरिकेच्या मरीन्सचं सीएच-४६ सॅन दिएगोजवळ पेकोस नावाच्या जहाजावर उतरत होतं. मागचं चाक डेकच्या कडेच्या जाळीत अडकलं आणि अख्खं हेलिकॉप्टर उलटून समुद्रात गेलं. आत १८ जण होते, ७ वर आलेच नाहीत. सगळे धडधाकट जवान. पाठीवर सामान, आत अंधार, आणि अशा वेळी खिडकीच्या तोंडाशी एक माणूस अडला की त्याच्या मागचेही अडतात.

हे तुला घाबरवायला लिहिलेलं नाही. तुझ्या मेडिकलच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, त्याकडं येतोच.

आधी तीन आठवड्यांत काय करायचं ते. श्वासाची काळजी सोड. सगळा प्रकार वीसेक सेकंदांचा असतो. तू विहिरीत याच्या दुप्पट वेळ तळाशी बसला असशील. उत्तरेकडच्या गार समुद्रांत माणसाचा श्वासच हिसकला जातो, आपल्या पाण्यात तो त्रास नाही. तुझी अडचण हातांच्या क्रमाची आहे, आणि हात कोरड्या जागीही शिकतात. खोलीत खिडकीशेजारी खुर्ची ओढ. कमरेला पट्टा बांध, खराच असला पाहिजे असं नाही, बकल पोटावर आलं म्हणजे झालं. डोळे बांध. हात चौकटीवर, हात बकलवर, मोज, खिडकी, कोपर बाहेर, आता बकल. रोज पन्नास वेळा. शेजारची पोरं हसतील, हसू देत. कंटाळा येईपर्यंत कर आणि कंटाळा आल्यावरही कर, कारण पाण्याखाली फक्त कंटाळवाण्या झालेल्या गोष्टीच आठवतात. खुर्ची कधी खिडकीच्या उजवीकडं ठेव, कधी डावीकडं.

मोजायचं कसं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमच्यात एक पंढरपूरकडचा होता, तो मनात सात वेळा विठ्ठल म्हणायचा. इंग्रजी आकडे माझे घाईत पळायचे, म्हणून मी शेवटी त्याचाच विठ्ठल उसना घेतला. घाईत म्हणता येत नाही हा त्याचा मोठा गुण. शब्दाला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

दुसरं, नाक. तू लिहिलं नाहीस, पण पुढचं आठवत नाही म्हणतोस तेव्हा मला वाटतं तिथंच बिनसलं. उलटं झाल्यावर नाकात पाणी सरळ शिरतं, थेट कपाळामागं झणका बसतो आणि माणूस सगळा क्रम विसरतो. पिंजरा वळायला लागला की ओठ मिटून 'म्म्म' असा हलका हुंकार धर. नाकातून थोडी थोडी हवा बाहेर जात राहिली की पाणी आत यायला जागा राहत नाही. सगळी हवा सोडायची नाही, तांबोऱ्याची तार वाजावी इतपतच. हे तलावात उथळ पाण्यात कोलांट्या मारून जमवता येतं. पण एकट्यानं नाही. काठावर कुणी तरी बघणारं हवं, आणि आधी धापा टाकल्यासारखे खोल श्वास घेऊन मग बुडी मारायची, हा पोरकटपणा अजिबात करायचा नाही. चांगले पट्टीचे पोहणारे त्यानं आवाज न करता बेशुद्ध होतात आणि तिथंच संपतात. सर्दी असेल तर त्या दिवशी डॉक्टरला सांग. आणि मित्रानं दिलेली धीर येण्याची गोळी वगैरे घेऊन पिंजऱ्यात बसू नकोस.

पुढंमागं तुला हवेची छोटी बाटलीही देतील, तोंडात धरून काही श्वास घेता येतील अशी. ती हाताशी असली की धीर येतो हे खरं, पण तिच्यातून श्वास घेतलास की नियम बदलतो. ती दाबाखालची हवा आहे. वर येताना छाती गच्च धरून ठेवलीस तर ती आत फुगते, आणि मीटरभर खोलीवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. बाटली घेतली की वर येताना सोडत सोडत यायचं. विहिरीतला श्वास आणि बाटलीतला श्वास एक नाही.

आता तुझा भाऊ.

त्याच्याबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि लगेच फ्लाइंगवर गेलास. नववीतला मुलगा काठावर उभा होता आणि तो आजतागायत तिथंच उभा आहे, असं मला वाचताना वाटलं. तो तिसऱ्या रनला तुझ्याबरोबर पिंजऱ्यात होता की नाही, हे तुलाच ठाऊक. असेलही. नुसतं आधी सोडलेलं बकल हेच कारण असेल, तर पाय उचलेनात हे जरा जास्तच होतं.

डॉक्टरला सांग. फ्लाइंग राहील असा शब्द मी देणार नाही, तो निर्णय त्यांचा. पण लपवून राहिलेलं फ्लाइंग कसलं? तू एअरक्रू होणार, म्हणजे बऱ्याचदा दाराशी तू बसणार आणि तुझ्या मागं तुझ्या भरवशावर चार माणसं. त्यांच्यात एखादा जवान असेल, समुद्रातून उचललेला कोळी असेल, एखादा आजारी माणूस असेल. पेकोसजवळच्या त्या हेलिकॉप्टरमध्ये जे झालं ते तुझ्या खिडकीत व्हायला नको. तू अडलास तर तुझ्याबरोबर तेही अडतील, आणि त्यांना तुझ्या विहिरीबद्दल काहीच माहीत नसेल.

पण आधी इन्स्ट्रक्टरकडं जा, डॉक्टरच्याही आधी. डॉक्टर महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. इन्स्ट्रक्टरला सांगणं सोपं आहे, आणि एकदा तोंड उघडलं की दुसरं बोलणं आपोआप निघतं. त्याला फक्त एवढं म्हण, "सर, मी बकल आधी सोडलं." बघ तो काय म्हणतो. माझा अंदाज आहे, तो मान हलवेल आणि म्हणेल की ते त्यानं बघितलंय. हे लोक दिवसभर दुसरं काही बघतच नाहीत. डायव्हर तुझ्यापासून हातभर अंतरावर होता म्हणूनच तुला ओढता आलं, आणि त्यानं तुझ्याआधी कितीजणांना ओढलं याचा हिशेब तो ठेवत नसणार. जमलं तर त्याला विनंती कर की पुढच्या खेपेला गॉगलच्या आधी उलटा रन उघड्या डोळ्यांनी एकदा जास्तीचा मिळावा. नाही म्हणाले तर नाही.

कोर्समेटच्या गप्प बसण्याचं फार मनावर घेऊ नकोस. तू पट्टीचा पोहणारा. तूच अडकलास हे बघून त्यांच्या पोटात गोळा आला असेल, दुसरं काही नाही.

राहिली आई. जहाजावरच्या स्टोअरची थाप किती दिवस चालणार? कुणीतरी सुट्टीवर येईल, युनिफॉर्मवरची विंग दिसेल, आणि मग थापेचं दुःख वेगळं. पिंजरा, काळा गॉगल, डायव्हर यातलं काही सांगू नकोस, त्याची गरज नाही. फोनवर सहज म्हण, "आई, हेलिकॉप्टर पाण्यात पडलंच तर बाहेर कसं यायचं ते शिकवतायत." ज्या घरातलं पोर विहिरीत गेलं त्या घरातल्या बाईला या एका वाक्याचा अर्थ कळायला वेळ लागणार नाही. ती रडेल कदाचित. आणि मग विचारेल, आलं का तुला. तोवर आलेलं असू दे.

रन झाला की कळव. आणि अजून एक, जे कोर्समध्ये कुणी सांगत नाही. त्या दिवशी नाकात गेलेलं पाणी लगेच बाहेर येत नाही, कुठंतरी दडून बसतं. मी रात्री मेसमध्ये आमटीच्या वाटीवर वाकलो आणि घळकन सगळं नाकातून वाटीत. समोर आमचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, बसले होते. खिशात मोठा रुमाल ठेव.